मेंदूज्वर : एका नावाखाली दोन आजार

बेळगाव, खानापूर, निपाणीत आपण ‘मेंदूज्वर’ म्हणतो, कानडीत ‘मेदुळु ज्वर’. दोन्ही नावांत दोन आजारांची गल्लत होते. मेंदूवरच्या आवरणांना सूज आली की मेनिंजायटिस : ताप, डोकेदुखी, ताठलेली मान. खुद्द मेंदूला आली की एन्सेफलायटिस : झटके, बरळणं, घरच्यांनाही न ओळखणं. कधी दोन्ही एकदम.

१८०५ साली जिनिव्हात मेनिंजायटिसच्या साथीची नोंद झाली, १८८७ मध्ये वायक्सेलबाउम यांना त्याचा एक जंतू सापडला. पण जिवंत रुग्णात आत काय चाललंय, हे कळायला वाट हवी होती. ती १८९१ मध्ये क्विंके यांनी जर्मनीत दाखवली : पाठीतलं पाणी, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूभोवतीचा द्रव, सुईनं काढणं.

‘पाणी काढलं की पाय जातात’ या भीतीनं आजही नातेवाईक सही करत नाहीत, आणि मोलाचे तास जातात. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्याच्या फटीत जाते. हे पाणी असतं सुमारे १५० मिली, रोज नवं तयार होतं जवळजवळ ५०० मिली. काढतात दहा-एक मिली.

नळीत ते गढूळ दिसलं तर बहुधा जिवाणू. नितळ असून पेशी वाढल्या, साखर नेहमीइतकीच, तर बहुधा विषाणू. नितळच, पण साखर कमी आणि प्रथिनं जास्त, तर क्षयाचा संशय. अशी नळी न हलवता ठेवली तर कधीकधी आत कोळ्याच्या जाळ्यासारखा पापुद्रा धरतो. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं औषध येईपर्यंत हा पापुद्रा म्हणजे मृत्यूच होता. साखरेची तुलना रक्ताशी करायची असते, म्हणून त्याच वेळी रक्तही घ्यावं लागतं.

विषाणूंचा इतिहास आपल्याकडं उशिरा सुरू होतो. जपानी एन्सेफलायटिस भारतात प्रथम १९५५ मध्ये वेल्लोरकडं आढळला. तो भातखाचरांत वाढणाऱ्या डासांतून पसरतो. माकडताप १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडला, २०१६ मध्ये तिलारी घाटाखालच्या दोडामार्गात पोचला. गोचिडीतून येणारा हा ताप उतरून आठवडा-दोन आठवड्यांनी काहींना पुन्हा चढतो आणि तेव्हा मेंदूला धरतो. जंगलात गेला होता का, हे डॉक्टरांना आपणहून सांगावं.

रुग्ण गुंगीत असेल किंवा एक बाजू लुळी पडली असेल तर आधी सीटी स्कॅन. कवटीत दाब असताना पाणी काढलं तर मेंदू खाली सरकू शकतो. पण स्कॅनपायी अँटिबायोटिकचा पहिला डोस अडवायचा नाही. आणि गावच्या दवाखान्यात आधी इंजेक्शनं झाली असतील तर ती चिठ्ठी बरोबर न्यायचीच : अर्धवट उपचारानं कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) कोरं येतं आणि जिवाणूचा आजार विषाणूचा वाटू लागतो.