नवजात बाळाचे चोखणे व गिळणे

अंगावर पिताना बाळ चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे ही तीन कामे एका लयीत करते. त्याच्या तोंडाची घडणच त्यासाठी वेगळी असते. खालचा जबडा लहान व थोडा मागे, जीभ जवळजवळ सगळे तोंड व्यापणारी आणि गालांत चरबीच्या गाद्या. या गाद्यांमुळे चोखताना गाल आत ओढले जात नाहीत. स्वरयंत्र मानेत उंचावर असते व त्यावरची झडप मृदू तालूला, म्हणजे तोंडाच्या छताच्या मागच्या मऊ भागाला, टेकते. म्हणून तोंड भरलेले असतानाही नाकाने श्वास चालू राहतो; फक्त गिळण्याच्या क्षणी तो थांबतो. सर्दीने नाक चोंदले की बाळ स्तन धरते, सोडते आणि रडते, ते यामुळेच.

गर्भातच बाळ गर्भजल गिळू लागते, पण तिन्ही कामांचा मेळ साधारण 34व्या आठवड्याच्या सुमारास बसतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला आईचे काढलेले दूध नळीने, पुढे वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने देतात. बोंडल्याची चोच ओठाला टेकवून घोट घोट द्यावे. घशात ओतल्यास ठसका लागतो.

दूध स्तनाग्र चावून निघत नाही. बाळाने तोंड मोठे उघडले की स्तनाग्र वरच्या ओठाच्या रोखाने ठेवून त्याला पटकन जवळ घ्यावे. मग भोवतीचा काळपट भागही तोंडात जातो आणि स्तनाग्र कठीण व मृदू तालू मिळतात त्या जागेजवळ पोचते. जीभ खाली गेली की तोंडात निर्वात पोकळी होऊन दूध येते; जीभ वर आली की ते घशाकडे सरकते. सुरुवातीला सेकंदाला सुमारे दोन झटपट चोखण्या होतात. पान्हा फुटला की लय संथ होऊन सेकंदाला एकीवर येते आणि गिळल्याचा आवाज ऐकू येतो.

पकड बरोबर असेल तर हनुवटी स्तनाला टेकते, खालचा ओठ बाहेर वळतो, काळपट भाग वरच्या बाजूला जास्त दिसतो. दुखणे, चिरा पडणे, चक-चक आवाज, गालाला खळ्या ही पकड उथळ असल्याची लक्षणे. तेव्हा ओठाच्या कोपऱ्यातून बोट घालून सोडवावे व पुन्हा धरावे. नाक दबेल म्हणून बोटाने स्तन मागे दाबणे ही सर्रास दिसणारी सवय. त्याने पकडच सुटते. त्याऐवजी बाळाचे ढुंगण आईकडे ओढावे, म्हणजे डोके किंचित मागे झुकून नाक मोकळे होते. डोके मागून दाबू नये. आधार मानेला व खांद्यांना द्यावा.

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांवर जातो आणि घरातली मोठी माणसे बाळाला पाणी पाजायला सांगतात. आईच्या दुधात सुमारे 87 टक्के पाणी असते. पहिले सहा महिने वरचे पाणी, घुटी, मध काहीही नको. उकाड्यात बाळ अधिक वेळा पिते, तेवढे पाजावे. शहरात घरोघरी विड्या वळल्या जातात. विड्या वळणाऱ्या बाळंतिणीने पाजण्याआधी हात साबणाने धुवावेत, तंबाखूचा भुगा लागलेला पदर बदलावा.

दुभंगलेल्या तालूमुळे निर्वात पोकळी होतच नाही. जिभेखालचा पडदा आखूड असल्याने जीभ जखडलेली असेल तर ती हिरडीपुढे येत नाही. मात्र पकड सुधारूनही त्रास राहिला तरच ती मोकळी करण्याचा विचार होतो. आशाताई गृहभेटीला येते तेव्हा तिच्यासमोरच पाजावे. पाचव्या दिवसानंतर 24 तासांत सहापेक्षा कमी वेळा लघवी, दोन आठवड्यांत जन्मवजन भरून न येणे, पिताना निळे पडणे, सारखी झोप यांपैकी काही दिसल्यास बाळाला बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे. निळे पडले तर लगेच, थेट सिव्हिलला.