विवाहबाह्य संबंधांचे परिणाम

लग्न झालेल्या माणसाने आपल्या जोडीदाराला अंधारात ठेवून दुसऱ्या कुणाशी शरीराने किंवा मनाने गुंतणं म्हणजे विवाहबाह्य संबंध. बोलताना कुणी अफेअर म्हणतं, कुणी लफडं, आणि घरातली मोठी माणसं 'त्याचं बाहेर काहीतरी आहे' एवढंच म्हणून गप्प होतात. चर्चा सगळी त्या दोघांची होते, पण झळ ज्यांनी काहीच केलं नाही त्यांना जास्त लागते, आणि कुणाला किती लागणार हे चूक कुणाची यापेक्षा घर कुणाच्या पगारावर चालतं आणि फ्लॅट कुणाच्या नावावर आहे यावर ठरतं.

ज्याची फसवणूक झाली त्या जोडीदाराला सगळ्यात जास्त त्रास होतो तो खोटेपणाचा. कळलं की माणूस मागची सगळी वर्षं उकरत बसतो, तेव्हा ऑडिटला नाशिकला गेलो म्हणाला होता तो खरंच नाशिकला होता का, मग जुनी बिलं, जुने फोटो, यूपीआयची हिस्टरी, रात्री दोन वाजता हेच चालू. झोप उडते, जेवण जात नाही, कामात लक्ष लागत नाही. त्यात बायको असेल तर सासरचे म्हणणार तूच लक्ष दिलं नाहीस, माहेरचे म्हणणार मुलांकडे बघ आणि सोडून दे. नवरा असेल तर 'बायको सांभाळता आली नाही' हे ऐकायला लागेल म्हणून तो बोलतच नाही, आणि न बोललेलं मग दारूत नाहीतर मारहाणीत बाहेर पडतं.

संबंध ठेवणाऱ्याचंही काही मजेत चाललेलं नसतं. फोन उपडा ठेवायचा, चॅट डिलीट करायचे, कुठे काय सांगितलं ते लक्षात ठेवायचं, खर्च लपवायचा. आणि ती तिसरी व्यक्ती, तिच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. 'मुलीची दहावी होऊ दे, मग घरी सांगतो' यावर तिची वर्षं जातात, दिवाळी एकटीची, रविवारी मेसेज करायचा नाही, आणि त्याला हॉस्पिटलमध्ये ॲडमिट केलं तर चौकशीला जायचीही सोय नाही. ऑफिसात बोभाटा झाला की बऱ्याचदा त्याची नुसती बदली होते आणि तिला नोकरी सोडावी लागते, हे कुठल्याही गावात बघायला मिळेल.

एका अफेअरमध्ये किती माणसं ओढली जातात हे बघायचं तर मुंबईचं नानावटी प्रकरण बघावं. नौदलातले कमांडर कावस नानावटी, त्यांची इंग्रज बायको सिल्व्हिया, तीन मुलं आणि ओळखीतला व्यापारी प्रेम आहुजा. २७ एप्रिल १९५९ ला सिल्व्हियाने आहुजाशी असलेल्या संबंधांबद्दल नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. नानावटींनी तिला आणि मुलांना मेट्रो थिएटरला सिनेमाला सोडलं, तिथून जहाजावर गेले, रात्री एकट्याने अहमदनगरला गाडी चालवत जायचंय असं सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या आणि आहुजाच्या घरी जाऊन त्याला मारलं. ज्यूरीने, म्हणजे निकालासाठी बसवलेल्या सामान्य नागरिकांनी, ८ विरुद्ध १ अशा मतांनी निर्दोष ठरवलं, हायकोर्टाने ते फिरवून जन्मठेप दिली, सुप्रीम कोर्टाने १९६१ मध्ये ती कायम केली आणि १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. लोक, पेपरवाले, बरेचसे नवऱ्याच्या बाजूने, शिवाय नानावटी पारशी आणि आहुजा सिंधी, म्हणून पारशी एकीकडे आणि सिंधी दुसरीकडे असाही रंग त्याला आला. या सगळ्यात आहुजाची बहीण मॅमी हिचा भाऊ गेला होता आणि माफीसाठी तिचीच लेखी संमती मिळवली गेली, हे मात्र पटकन कुणाला आठवत नाही. सिल्व्हियाला भर कोर्टात सगळं सांगावं लागलं. नंतर ते कुटुंब कॅनडाला निघून गेलं.

कायद्याची नजरही बरीच वर्षं अशीच नवऱ्याच्या बाजूची होती. भारतीय दंड संहितेच्या कलम ४९७ मध्ये दुसऱ्याच्या बायकोशी त्याच्या संमतीशिवाय संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत शिक्षा होती, म्हणजे नवऱ्याची परवानगी असेल तर गुन्हाच नाही, आणि ज्याने हे केलं त्याच्या स्वतःच्या बायकोला तक्रारीचा हक्क नाही! २७ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हे कलम रद्द केलं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते नाही. पण गुन्हा नाही म्हणजे परिणाम नाही असं समजू नये. हिंदू विवाह कायद्यात विवाहबाह्य संबंध हे घटस्फोटाचं कारण आहेच, 'व्यभिचारात राहणाऱ्या' बायकोची पोटगी जाऊ शकते, आणि लष्करात कारवाई करायला २०१८ चा निकाल आड येत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये स्पष्ट केलंय.

मुलांना मोठ्यांना वाटतं त्याच्या बरंच आधी कळलेलं असतं. आईचा आवाज बदलतो, बाबा गॅलरीत जाऊन फोन घेतात. मग 'बाबांच्या मोबाईलवर कोणाचा फोन होता बघ' अशी कामं त्यांनाच लावली जातात, हे फार वाईट, कारण त्यात मूल एका बाजूचं होऊन बसतं. ताबा देताना कोर्ट मुलाचं हित बघतं, आईचं अफेअर एवढ्याच कारणाने मूल तिच्याकडून काढून घेता येत नाही असं मुंबई हायकोर्टाने २०२४ मध्ये म्हटलंय. बायकोचे संबंध सिद्ध करायला मुलाची डीएनए टेस्ट सरसकट मागता येणार नाही हेही सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये सांगितलं. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाचा आणखी एक निकाल आला: हिंदू कायद्यात पहिलं लग्न टिकून असताना दुसरं केलं तर ते लग्न रद्दबातल, पण त्यातल्या मुलांना आईवडिलांच्या मालमत्तेत आणि वडिलांच्या एकत्र कुटुंबातल्या हिश्शातही वाटा मिळतो. लग्नच न करता झालेल्या मुलाला वडिलांकडचा हा वाटा सहसा नाही, वडिलांकडून पोटगी मात्र मागता येते.