केसभर फट

बेअरिंग निघत नव्हतं. दोन संध्याकाळी लाकडी ठोकळा आणि हातोडी घेऊन मी क्रँककेसशी, म्हणजे इंजिनाच्या खालच्या ॲल्युमिनियमच्या कवचाशी, झटत होतो आणि ते बेटं जागचं हलायला तयार नव्हतं. एका सिलिंडरचं, हवेने थंड होणारं, 350 सीसीचं, मोटरसायकलचं जुनं इंजिन होतं ते. मी त्याआधी स्पार्क प्लग बदलण्यापलीकडे काही केलेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी रिकामी केस स्वच्छ धुऊन ओव्हनमध्ये 110 अंशांवर अर्धा तास ठेवली. बाहेर काढून पाण्याचा थेंब टाकला, तो चर्रकन उडाला. जाड हातमोजे घालून केस फळीवर पालथी धरली, एकदा हलकेच आपटली. टक्. बेअरिंग आपणहून खाली पडलं.

तापल्यावर भोक लहान होतं की मोठं, हा प्रश्न कोणालाही विचारून पाहा. निम्मे लोक सांगतील की धातू फुगतो, म्हणजे भोक बुजत जाणार. प्रत्यक्षात भोकही धातूच्याच प्रमाणात वाढतं, जणू ते भरीवच आहे अशा थाटात. ॲल्युमिनियम एका अंशाला स्वतःच्या लांबीच्या दहा लाखांत 23 भाग वाढतं, पोलाद 12 भाग. 62 मिलिमीटरचं भोक 90 अंशांनी तापलं की सुमारे 0.13 मिमीने मोठं होतं. त्यातलं पोलादी बेअरिंग तेवढंच तापलं तरी 0.07 मिमीने. उरली 0.06 मिमी. एवढ्यावर दोन संध्याकाळींचा घाम वाचला असता. नवीन बेअरिंग बसवताना हाच खेळ उलटा: केस गरम, बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये. सोडलं की अलगद जाऊन बसतं. मात्र हात थरथरला आणि ते तिरकं अडकलं, तर दुसरा प्रयत्न करायला काही सेकंदच मिळतात, कारण दोघं एकमेकांचं तापमान भराभर वाटून घेतात.

तोवर माझी समजूत अशी होती, की इंजिन बांधणं म्हणजे एकेक भाग कसून बसवत जाणं. त्या बेअरिंगने माझं लक्ष भागांवरून त्यांच्यामधल्या जागेकडे वळवलं. पुढचे दोन महिने मी मुख्यतः फटीच मोजत बसलो.

पिस्टनने तर मला पार फसवलं. सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) 70 मिमी, नवा पिस्टनही 70 चा. डिजिटल व्हर्निअर घेऊन पिस्टन माथ्यापाशी मोजला, तर बोअरपेक्षा तब्बल 0.4 मिमी लहान. चुकीचा पिस्टन गळ्यात मारला म्हणून परत पाठवायची तयारी सुरू केली. मग खाली स्कर्टपाशी, म्हणजे पिस्टनच्या खालच्या घेरापाशी मोजला, तर फरक जेमतेम 0.1. पिस्टनला रॉडशी जोडणारी पिन ज्या दिशेने जाते त्या बाजूला मोजला, तर आकडा आणखी वेगळा. पिस्टन गोल नसतो, सरळ नळकांडंही नसतो. माथ्याला तो बारीक असतो, खाली रुंद होत जातो आणि वरून पाहिल्यास किंचित लंबगोल असतो. हे सगळं जाणूनबुजून केलेलं असतं.

कारण परत तेच, उष्णता. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात पिस्टनचा माथा अडीचशे अंशांपर्यंत सहज जातो, स्कर्ट बराच गार राहतो. पिस्टनच्या ॲल्युमिनियममध्ये प्रसरण कमी व्हावं म्हणून सिलिकॉन मिसळतात, तरीही बिडाच्या सिलिंडरपेक्षा ते जवळपास दुप्पट वाढतं. हिशेब करून पाहा: 70 मिमीचा माथा 230 अंशांनी तापला की तिसाहून अधिक शतांश मिलिमीटर वाढणार. पिनच्या बाजूला धातूची जाड बोंडं असतात, तिथे वाढ जास्त, म्हणून त्या दिशेने आधीच कातरून ठेवलेला. थोडक्यात, टेबलावर वेडावाकडा असलेला पिस्टन कामाला लागल्यावर गोल होतो. म्हणूनच तो कुठे मोजायचा हेही ठरलेलं असतं: स्कर्टच्या खालच्या भागात, पिनला काटकोनात. माणसाचा केस साधारण 0.05 ते 0.1 मिमी जाड असतो. म्हणजे गार इंजिनात पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये एखाद-दुसरा केस मावेल एवढीच मोकळीक. ती अपुरी पडली की गरम पिस्टन सिलिंडरला धरतो आणि चालत्या गाडीचं मागचं चाक जागीच जाम होतं. जास्त झाली की थंड इंजिन खडखड वाजतं.

व्हर्निअर या कामाला पुरत नाही, हेही तेव्हाच कळलं. 0.01 मिमी दाखवणारा मायक्रोमीटर लागतो आणि बोअर आतून मोजायला बोअर गेज. जुना बोअर मी तीन उंचींवर, दर उंचीला दोन दिशांनी मोजला. तळाशी झीज जवळजवळ नाही. वरच्या टोकाला मात्र, पिस्टनवरची सर्वांत वरची रिंग जिथून मागे फिरते तिथे, नखाला लागेल एवढी पायरी पडलेली. पिस्टन मध्यावर वेगात असतो, मग झीज टोकाला का? कारण मध्यावर वेग आहे म्हणून तेलाचा थर टिकतो. टोकाला पिस्टन क्षणभर थांबतो, थर विरतो, आणि नेमका त्याच वेळी वर स्फोटाचा दाब आणि ताप सर्वांत जास्त.

वेग असला की तेल टिकतं, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकताना उलटी वाटते. ती सापडली तीही अपघाताने. 1883 च्या सुमारास बोशॅम्प टॉवर हा ब्रिटिश अभियंता रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल सोडायला त्याने बेअरिंगच्या डोक्यावर एक भोक पाडलं. आस फिरू लागताच तेल आत जायच्या ऐवजी त्या भोकातून वर येऊन सांडू लागलं. त्याने बूच लावलं, बूच उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू बाहेर सरकली. मग दाबमापक जोडला, तर काटा 200 पौंड प्रति चौरस इंचाच्या पुढे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार त्याच्या निम्माच होता. तीन वर्षांनी, 1886 मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं. फिरणारा पृष्ठभाग तेलाला सोबत ओढत निमुळत्या फटीत कोंबतो, तेलाला तिथून पटकन निसटता येत नाही, दाब चढतो आणि त्या दाबावर अख्खा भार तरंगतो. तेलाची पाचर म्हणा हवं तर. थराची जाडी काही मायक्रॉन, म्हणजे हजारांश मिलिमीटरांत मोजायची. कॅमचे बुश (ज्या साध्या नळीत तो फिरतो ती) याच पाचरीवर जगतात, पिस्टनचा स्कर्टही. बुश इतका घट्ट बसवला की फटच उरली नाही, तर पाचर तयार व्हायला जागा नाही. फार सैल ठेवला तर तेल बाजूने पळून जातं.

बोअर पुढच्या मापाला वाढवून घेतला, पिस्टनही त्याच मापाचा घेतला आणि होनिंग, म्हणजे दगडाने आतली भिंत घासणं, झालं. सिलिंडर हातात आल्यावर मी जरा नाराज झालो, कारण मला आरशासारखी भिंत अपेक्षित होती आणि आत तर तिरक्या रेघांची जाळी होती. ती जाळी हवीच. गुळगुळीत भिंतीवर तेल थांबत नाही. रेघांच्या खोबणीत ते साठून राहतं.

मात्र त्या खोबणीत होनिंगच्या दगडाची भुकटीही साठते. मी सिलिंडर रॉकेलने धुतला, पुसला, चकचकीत दिसला. मग पांढरं फडकं तेलात बुडवून आतून फिरवलं. फडकं करडं. पुन्हा धुतला, पुन्हा करडं. रॉकेलने तेल विरघळतं, पण दगडाचे कण खोबणीतच बसून राहतात. शेवटी कढत पाणी, भांडी घासायचा साबण आणि ब्रश घेऊन सहा वेळा घासला, तेव्हा फडकं पांढरं राहिलं. इतक्या मेहनतीनंतर मी फोन घ्यायला उठलो. परत आलो तेव्हा वरच्या कडेला तांबूस झाक दिसायला लागली होती. उघडं ओलं बीड गंजायला काही मिनिटं पुरतात. धुतल्याबरोबर कोरडं करून तेलाचा हात फिरवायचा, फोन वाजत राहू दे.

पिस्टनच्या रिंगा तुटक असतात हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्या तुटक्या टोकांमधली फट किती ठेवायची, यावर नवख्याचा विश्वास बसत नाही. फट म्हणजे गळती, मग शून्यच का नको? 70 मिमीच्या रिंगेचा परीघ सुमारे 220 मिमी. रिंग भिंतीपेक्षा 80 अंशांनी जास्त तापली, तर परीघ जवळपास 0.2 मिमीने वाढतो. टोकांना जागा नसेल तर ती एकमेकांवर आदळतात, रिंग भिंतीत रुतते किंवा तुटते. मी 0.3 ठेवली. रिंग बोअरमध्ये घालायची, पिस्टनच्याच माथ्याने ढकलून सरळ करायची आणि फीलर गेजची पाती सरकवून पाहायची. कमी असेल तर बारीक कानस टोकावरून फिरवायची. दोन रिंगांच्या फटी एका रेषेत ठेवायच्या नाहीत. रिंगेचा स्वतःचा ताण तसा मामुली असतो. ती खरी दाबली जाते ती वायूमुळे. स्फोटाचा दाब रिंगेच्या मागच्या खाचेत शिरतो आणि तिला भिंतीवर रेटतो. जितका दाब जास्त, तितकी ती घट्ट. या युक्तीचं मला अजूनही कौतुक वाटतं.

सगळीकडे अशी मोकळीक सांभाळायची आणि हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या, बोल्टांपाशी आलं की सगळं उलटं. तिथे फट चालत नाही. बोल्ट ही खरं तर एक कडक स्प्रिंग आहे. आवळताना तो किंचित ताणला जातो आणि तो ताण हेडला सिलिंडरवर दाबून धरतो. अडचण ही, की टॉर्क पान्याला ताण दिसत नाही, फक्त पिळायला लागलेला जोर दिसतो, आणि त्यातला जवळपास नव्वद टक्के घर्षणात जातो. ताणायला उरतो दहावा हिस्सा. मला हे माहीत नव्हतं. गंज नको म्हणून मी आटे तेलाने छान माखले आणि कोरड्या आट्यांसाठी दिलेल्या आकड्यापर्यंत आवळत गेलो. घर्षण घटलं, ताण भलताच वाढला. तिसरा बोल्ट एकदम लोण्यात गेल्यासारखा फिरला. ॲल्युमिनियममधले आटे गेले होते. भोक मोठं करून, नवे आटे पाडून त्यात तारेचं वेटोळं बसवावं लागलं. आता तो चारांतला सर्वांत मजबूत आटा आहे.

हेडखालचं तांब्याचं गॅस्केट, म्हणजे सांधा बंद करणारी चकती, जुनंच पुन्हा वापरता आलं. दाबून दाबून तांबं कडक होतं, त्याच्या स्फटिकांची रचना विस्कटते. मंद लाल होईपर्यंत तापवलं की नवे स्फटिक घडतात आणि ते परत मऊ पडतं. मग पाण्यात बुडवायचं. पोलाद असं लाल करून बुडवलं तर काचेसारखं ठिसूळ होतं, तांब्याला काही होत नाही; पाण्याने फक्त वरची काळी पापडी झडते. गार झाल्यावर गॅस्केट बोटांनी वाकलं, चामड्यासारखं.

टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाची, फटही याच कुळातली. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लालभडक तापतो आणि त्यातली बहुतांश उष्णता तो बंद असताना सीटमधून हेडमध्ये उतरते. फट कमी पडली की तो पुरता मिटत नाही, उष्णता जायला वाट राहत नाही आणि कड जळते. म्हणजे टॅपेट थोडे वाजलेले परवडतात. गप्प टॅपेटचीच मला जास्त धास्ती वाटते. इग्निशनबद्दल एवढंच सांगतो, की ठिणगी पिस्टन वर पोचण्याआधी पडते, कारण ज्वाळेला पसरायला वेळ लागतो. मिनिटाला 5000 फेऱ्यांवर फेरीतले 30 अंश म्हणजे बरोबर एक सहस्रांश सेकंद.

त्याच 5000 फेऱ्यांवर एक हिशेब केला आणि नंतर वाटलं, केला नसता तर बरं. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वर-खाली पल्ला, 90 मिमी. पिस्टन सेकंदाला सरासरी 15 मीटर धावतो आणि मिनिटात दहा हजार वेळा थांबतो. वरच्या टोकाला त्याचं त्वरण गुरुत्वाच्या सुमारे दीड हजार पट. रिंगा आणि पिनसकट 400 ग्रॅमचा पिस्टन त्या क्षणी रॉडला सहाशे किलोच्या वजनाने ओढतो. पिस्टनच्या पिनला जागेवर धरणारी छोटी सर्क्लिप खाचेत नीट बसली की नाही, हे मी त्यानंतर तीनदा तपासलं.

सुरू करण्याआधी प्लग काढून किक मारत राहिलो, हेडपर्यंत तेल आलेलं दिसेपर्यंत. मग प्लग लावला. पाचव्या किकला इंजिन बोललं.

नवं इंजिन हळू हळू चालवावं, असं जो तो सांगतो. ते अर्धंच खरं आहे. ताण नको हे बरोबर, पण नुसतं जागेवर घरघरत ठेवणं वाईट. होनिंगच्या रेघांची टोकदार शिखरं रिंगांनी घासून सपाट करायची असतात आणि रिंगा दाबल्या जातात त्या वायूच्या दाबाने. दाबच नसेल तर शिखरं तशीच राहतात, त्यांवर जळक्या तेलाचा काचेसारखा लेप चढतो आणि इंजिन कायमचं तेल पीत राहतं. मी मध्यम वेगात थोडा जोर द्यायचो, सोडायचो, पुन्हा जोर. चढ असला की बरं वाटायचं.

शंभर किलोमीटरनंतर, इंजिन पूर्ण गार असताना, हेडचे बोल्ट पुन्हा पाहिले. गॅस्केट दबलं होतं, दोन बोल्टांनी थोडं फिरून घेतलं. टॅपेट पुन्हा लावले. मग तेल पांढऱ्या भांड्यात काढून उन्हात धरलं. त्यात करडी चमक होती, पोटात गोळा आला. भांड्याच्या खालून चुंबक फिरवलं आणि चमक सगळी त्याच्यामागे सरकत गेली. पिस्टनचं ॲल्युमिनियम असतं तर जागचं हललं नसतं. हे बीड होतं, बोअरच्या शिखरांचा कीस.