होम थिएटरमधले सराउंड स्पीकर : निवड आणि जागा

सराउंड स्पीकर म्हणजे ऐकणाऱ्याच्या बाजूला किंवा जरा मागे लावायचे स्पीकर. डायलॉग पुढच्या मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतात, म्युझिक जास्त करून पुढच्या डाव्या-उजव्यातून, आणि पाऊस, गर्दी, मागनं निघून गेलेली गाडी असलं सगळं सराउंडमधून. ५.१ सिस्टिममधे असे दोन असतात, ७.१ मधे चार, आणि पॉइंट एक म्हणजे सबवूफर, खालच्या जड आवाजाचा वेगळा स्पीकर.

सांगली-साताऱ्याकडं सिस्टिम घेताना आधी वॅट विचारतात. गणपतीतल्या डीजेच्या भिंती ऐकून मोठ्ठा आवाज म्हणजे चांगला आवाज असं डोक्यात बसलेलं असतं, त्याला काय करणार. पण सराउंडचं काम वॅटवर कमी आणि कोनावर जास्त चालतं. टीव्हीकडं तोंड करून बसलं की नाकासमोर शून्य अंश धरायचा, मग ५.१ चे सराउंड दोन्हीकडं ११० ते १२० अंशावर, म्हणजे कानाच्या रेषेपासून थोडे मागे. ७.१ असेल तर बाजूचे ९० ते ११० आणि मागचे १३५ ते १५०. उंची साध्या ५.१ ला बसल्यावर कान येतो त्याच्यापेक्षा फूट-दोन फूट वर चालते, पण अ‍ॅटमॉस असेल, म्हणजे डोक्यावरनंही आवाज देणारी डॉल्बीची पद्धत, जी २०१२ ला थिएटरमधे आली, तर सराउंड कानाच्या जवळपासच्या उंचीलाच ठेवायचे, कारण वरचा आवाज छतातल्या स्पीकरनं द्यायचा असतो आणि बाजूचेही वर चढवले की दोन्हीतला फरकच जातो. लाफ्टवर किंवा कपाटाच्या डोक्यावर ठेवून दिलेले स्पीकर बऱ्याच घरात दिसतात, ते दिसायला नीट, ऐकायला नाही.

खरी अडचण हॉलची. सांगलीत विश्रामबागेतला टू बीएचके घ्या किंवा साताऱ्यात सदर बझारचा फ्लॅट, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, एका बाजूला गॅलरीचा दरवाजा आणि दुसऱ्या बाजूला भिंतच नाही, थेट किचन. इथं ११० अंश आणायचे कुठनं? सोफा दोन-अडीच फूट पुढं ओढता आला तर निम्मं काम झालं (घरातले तयार झाले तर). नाहीच जमलं तर सराउंड कानाच्या सरळ रेषेत ९०-१०० अंशावर बाजूला घ्यायचे, आणि किचनच्या बाजूला भिंत नाही तिथं स्टँड. मागच्या भिंतीवर डोक्याच्या वर दोन खिळे ठोकून लावू नका, मागनं कुणीतरी कानात बोलल्यासारखं होतं. आणि अशा हॉलमधे ७.१ चा हट्ट तर नकोच, मागचे दोन स्पीकर जातील कुठं? नीट लावलेलं ५.१ कोंबलेल्या ७.१ पेक्षा कधीही बरं.

निवडीत तीन प्रकार. सरळ एकाच दिशेला आवाज फेकणारे, दोन दिशांना फेकणारे बायपोल, आणि डायपोल, ज्यात दोन बाजूंचा आवाज उलट्या फेजमधे असतो (एक बाजू हवा ढकलते तेव्हा दुसरी ओढते) म्हणून ऐकणाऱ्याच्या दिशेला तो जवळजवळ मरतो आणि भिंतींवर आपटून पसरट होऊन येतो. डायपोल जुन्या काळाला धरून होते. १९८७ च्या प्रोलॉजिक या डॉल्बीच्या घरगुती सराउंड पद्धतीत सराउंड एकच मोनो चॅनल, तोही ७ किलोहर्ट्झपर्यंतच, त्यामुळं आवाज कुठनं येतो ते कळू न देणंच बरं होतं. १९९२ ला डॉल्बी डिजिटल थिएटरमधे आलं, नंतर घरात, आणि त्यात सराउंडला पुढच्यासारखाच पूर्ण रेंजचा वेगवेगळा आवाज मिळाला. म्हणून आज सरळ फेकणारेच घ्यावेत, अ‍ॅटमॉसला तर डायपोल नकोच. सोफा स्पीकरला फार चिकटून असेल तर बायपोलचा विचार करायला हरकत नाही, कडेला बसणाऱ्याचा कान वाचतो.

शक्यतो पुढचे आणि सराउंड एकाच कंपनीच्या एकाच सिरीजचे असावेत. मिरजेत सतारमेकर गल्लीत कारागीर तंबोऱ्याची जवारी काढताना घोडीवरचा दोरा सरकवत बसतो, चारी तारा सारख्या बोलेपर्यंत सोडत नाही, तसंच इथं, गाडी पुढनं मागं गेली तर मधेच तिचा आवाज बदलायला नको. साइज मात्र लहान चालते, ८० हर्ट्झच्या खालचं सबवूफरकडं पाठवायचं म्हणजे चार-पाच इंची वूफरवर भागतं.

आरसीसी भिंती, टाइल्स, काचेची शोकेस, यानं हॉल घुमतो. जाड पडदे आणि सतरंजीनं जो फरक पडतो तो महागड्या स्पीकरनंही पडत नाही. साताऱ्याच्या पेठांतल्या जुन्या घरांत माळवद आणि मातीच्या भिंती असतील तर घुमणं कमी, पण तिथं ड्रिल मारलं की प्लग मातीसकट बाहेर, म्हणून स्टँडच बरा. वायर १६ गेजची तांब्याची, केसिंग पट्टीतून नेलेली. वायरलेस सराउंडलाही लाइटचा प्लग लागतोच, हे दुकानात कुणी सांगत नाही. एखाद्या स्पीकरच्या वायरीचं लाल-काळं उलटं जोडलं तर आवाज विस्कटल्यासारखा येतो, तो स्पीकरचा दोष नसतो.

शेवटी सेटिंग. आवाज एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद घेतो, म्हणून प्रत्येक स्पीकरचं अंतर रिसीव्हरमधे (सगळे स्पीकर ज्याला जोडतात तो डबा) टाकायचं, किंवा सोबतचा माइक डोकं जिथं येतं तिथं ठेवून, पंखा बंद करून ऑटो सेटअप चालवायचा. नंतर सिनेमा बघताना सराउंड सारखा लक्ष वेधून घेत असेल तर त्याची लेव्हल एक-दोन डीबी खाली आणायची.