भरल्या ट्रॉलीवरचा निळा दिवा

माझे काका इथंच कोल्हापुरात एका आयसीयूत होते, अंगात इन्फेक्शन पसरलेलं, बीपी पडलेलं, आणि मी आत गेलो की नजर सारखी मॉनिटरवरच्या ऑक्सिजनच्या आकड्यावर जायची, ९७, कधी ९८, तेवढाच काय तो धीर. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले किडनी त्रास द्यायला लागलीय, लघवी कमी झालीय. मी म्हटलं, "अहो डॉक्टर, पण ऑक्सिजन तर ९७ आहे की!" ते म्हणाले, "तो बोटातल्या रक्ताचा आकडा आहे, किडनीला किती पोचतंय ते त्यातनं कळत नाही."

ते वाक्य डोक्यातनं जाईचना, म्हणून घरी आल्यावर वाचत बसलो. कोरोनात आपण सगळ्यांनी घेतलेला ऑक्सिमीटर बोटातनं लाल आणि इन्फ्रारेड असा दोन प्रकारचा उजेड सोडतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनवर किती टक्के ऑक्सिजन लादलाय ते सांगतो. म्हणजे टेम्पो भरून निघाला एवढं कळलं, माल घरात उतरला का ते नाही. बीपी पडलं की शरीर आधी मेंदू आणि हृदय सांभाळतं, आतडी, कातडी, किडनी यांचं रक्त कमी करतं, आणि बोटावरचा आकडा मात्र चांगलाच दिसू शकतो.

मग माल उतरला का ते बघायचं कुठं? तर पेशीच्या आत, मायटोकॉन्ड्रियात (पेशीतले ऊर्जा तयार करणारे छोटे कारखाने), कारण शरीरातला बहुतेक ऑक्सिजन तिथंच खर्च होतो. गळीत हंगाम डोळ्यासमोर आणा. ऊस भरलेली ट्रॉली कारखान्यावर येते, काट्यावर वजन होतं, गव्हाणीत ऊस पडतो, ट्रॉली रिकामी होऊन परत फडात जाते. पेशीत अशी ट्रॉली म्हणजे एनएडी नावाचा रेणू. आपण खाल्लेल्या भाकरीतनं निघालेले इलेक्ट्रॉन त्यावर लादले की त्याचं नाव होतं एनएडीएच. तो मायटोकॉन्ड्रियात जाऊन रिकामा होतो, ते इलेक्ट्रॉन हातोहात पुढं जात शेवटी ऑक्सिजनला मिळतात आणि पाणी तयार होतं. ऑक्सिजन नसला की शेवटचा हातच नाही, गाळप बंद, आणि गेटबाहेर भरलेल्या ट्रॉल्यांची ही रांग लागते.

आता यातली खरी भारी गोष्ट. भरलेल्या ट्रॉलीला दिवा असतो आणि रिकामीला नसतो! एनएडीएचवर ३४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा, डोळ्याला न दिसणारा अल्ट्राव्हायोलेट उजेड टाकला की तो ४६० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा उजेड परत देतो. रिकामा एनएडी काहीच देत नाही. बाहेरनं कुठलाही रंग टोचायचा नाही, पेशीचा स्वतःचाच उजेड. निळा वाढला म्हणजे रांग वाढली, म्हणजे त्या जागी ऑक्सिजन कमी पडतोय.

हे चमकणं म्हणजे काय ते घरी बघता येतं. नोटा तपासायची टॉर्च घ्या, सॅनिटायझरमध्ये चिमूटभर हळद ढवळा आणि अंधारात त्यावर टॉर्च मारा, पिवळं पाणी हिरवट चमकायला लागतं. मी स्वयंपाकघरातली लाइट बंद करून पोरीला दाखवलं तर ती ग्लास सोडायलाच तयार नव्हती. (टॉर्च डोळ्यात मारू नका.) एनएडीएचचा उजेड मात्र याहून फार मंद, त्याला चांगला सेन्सर लागतो.

यात मोठं नाव ब्रिटन चान्स यांचं, अमेरिकन शास्त्रज्ञ, ज्यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये शिडाच्या बोटीच्या शर्यतीत सुवर्णपदकही मिळवलं होतं. १९६२ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी भूल दिलेल्या उंदरांच्या मेंदूचा आणि किडनीचा हा उजेड मोजला, श्वासातला ऑक्सिजन तोडला की उजेड वाढतो आणि परत दिला की उतरतो, हे जिवंत अवयवात डोळ्यासमोर दिसलं.

मग आज प्रत्येक आयसीयूत हे का नाही? कारण अडचणी खऱ्या आहेत. अल्ट्राव्हायोलेट उजेड कातडीत मिलिमीटरभरही नीट शिरत नाही, म्हणजे पोटावर टॉर्च ठेवून किडनी बघणं शक्यच नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन जाणारा उजेडही गिळतं आणि येणारा निळाही गिळतं, त्यामुळं रक्त कमी-जास्त झालं तरी आकडा हलतो, आणि ते वजा करायला परत फिरलेला मूळ उजेडही मोजावा लागतो. कोलॅजन, म्हणजे कातडीला आणि अवयवांना बांधून ठेवणारं प्रोटीन, स्वतः चमकतं ते वेगळंच. शिवाय ९७ टक्के असा सरळ आकडा मिळत नाही, मघापेक्षा वाढलं का कमी झालं एवढंच कळतं. पण आयसीयूत तेच तर हवं असतं, तासाभरापूर्वीपेक्षा पेशंट कुठं चाललाय ते.

चान्स यांच्यासोबत काम केलेले इस्रायलच्या बार-इलान विद्यापीठातले अव्राहम मायेव्स्की यांनी यावर एक वाट काढली. पेशंटला लघवीची नळी लावलेलीच असते, तर उजेडाची बारीक तार त्या नळीबरोबरच ठेवायची आणि मूत्रमार्गाच्या आतल्या अस्तरावरचा निळा उजेड बघत राहायचं. ते अस्तर शरीराच्या दृष्टीनं कमी महत्त्वाचं, म्हणून रक्त तोडलं जातं तेव्हा लवकर तोडलं जाणाऱ्यांत ते येतं, आणि मेंदू-हृदयावर वेळ यायच्या आधी तिथं खूण दिसू शकते. काकांच्या कॉटखालीही तीच नळी आणि तीच पिशवी लटकत होती, आणि सिस्टर दर तासाला वाकून त्यावरचा आकडा चार्टवर लिहीत होत्या.