शिरोलीचा पूर आणि पुरवठ्याचे अंदाज बांधणारं एआय : पार्श्वभूमी

वाहन उद्योगाने पुरवठा साखळीतल्या धोक्याकडे नीट लक्ष दिलं ते २०११ नंतर. मार्चमध्ये जपानचा भूकंप, वर्षअखेरीस थायलंडचा पूर. स्वतःचा कारखाना धड असूनही तिसऱ्या-चौथ्या फळीतला, म्हणजे पुरवठादारांनाच माल देणारा एखादा पुरवठादार बंद पडला म्हणून जुळणीच्या लाइन थांबल्या. खालच्या फळीत कोण आहे याची यादी जमवायला तेव्हापासून जोर आला. पुढे कोरोना, चिपचा तुटवडा, मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात अडकलेलं जहाज. अशा याद्यांना हवामान, बातम्या आणि जहाजांची ठिकाणं वाचणारी एआय मॉडेल जोडली गेली.

वाहनांचे ओतीव भाग बनवणाऱ्या फाउंड्रींच्या कोल्हापूरला पुराचा हा फटका ऑगस्ट २०१९ मध्ये बसला, जुलै २०२१ मध्ये पुन्हा. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारायची, ही इथली जुनी सवय : ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. त्या दोन्ही वर्षी शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गच पाण्याखाली गेला. शिरोली एमआयडीसी पंचगंगेच्या उत्तरेला, गोकुळ शिरगाव आणि कागल दक्षिणेला. ओतकाम एका काठावर, ओतलेल्या भागाचं मशिनिंग दुसऱ्या. कर्नाटकातल्या होस्पेटकडचं पिग आयर्न, म्हणजे ओतकामाचं कच्चं लोखंड, येतं दक्षिणेकडून. भट्टीत थेंबभर पाणी शिरलं नाही तरी पुण्याला माल नेणारी गाडी अडते. जे मॉडेल कोल्हापूर हा एकच ठिपका धरतं, त्याला मधली नदी दिसत नाही.

ती दिसायची तर फाउंड्रीने माहिती वर, वाहन कंपनीला, द्यायला हवी : शिल्लक साठा, कुठल्या पार्टचं पॅटर्न (साचा बनवायचा नमुना) कुठे आहे, मशिनिंग कोणाकडे. खरं घोडं इथेच अडतं. साठा दिसला की कंपनी भाव पाडून मागणार, आणि पिनकोडवरून मॉडेलने दिलेला रिस्क स्कोअर बिघडला की तोच पार्ट दुसऱ्या गावातल्या फाउंड्रीला देणार, ही भीती रास्त आहे. रस्त्याची उंची काही फाउंड्रीवाल्याच्या हातात नाही. अंदाज कितीही अचूक आला, तरी त्यावर करायचं काय? पावसाळ्याआधी पंधरा दिवसांचा माल पुण्याकडच्या गोदामात नेऊन ठेवायचा. त्यात अडकणारं भांडवल कोणाचं, हे ठरवल्याशिवाय माहिती मागणं मला एकतर्फी वाटतं. लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्यात पैसे देण्याची कमाल मुदत ४५ दिवसांची आहे, पण ते दिवस ग्राहकाने माल स्वीकारल्यापासून मोजतात. गोदामात तो पडून असेपर्यंत बँकेचं व्याज फाउंड्रीच भरत राहते.