पित्ताशयाचं ऑपरेशन किती अवघड जाईल?

पित्ताचे खडे निघाले की रुग्ण रिपोर्टमध्ये आधी खड्याचं माप बघतो. दुर्बिणीतून पित्ताशय काढणाऱ्या सर्जनला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पूर्वीचं दुखणं: त्यासाठी ॲडमिट व्हावं लागलं होतं का?

रंधावा आणि पुजाहारी या भारतीय सर्जननी २००९ मध्ये मांडलेल्या १५ गुणांच्या कोष्टकात, पित्ताशयाला सूज येऊन पूर्वी रुग्णालयात राहावं लागलं असेल तर त्या एकाच बाबीला ४ गुण आहेत. पन्नाशी ओलांडलेली असणं १, पुरुष असणं १, पित्ताशय बाहेरून हाताला लागणं १. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २७.५ च्या वर असेल तर २. बेंबीच्या वर जुन्या ऑपरेशनचा व्रण असेल तर २, खाली असेल तर १. सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत ४ मिलिमीटरहून जाड दिसली तर २; भोवती पाणी आणि तोंडाशी अडकलेला खडा, यांना प्रत्येकी १. बेरीज ५ पर्यंत असेल तर काम सोपं, ६ ते १० अवघड. त्यापुढे दोन तासांहून जास्त वेळ लागण्याची किंवा दुर्बीण सोडून पोट उघडावं लागण्याची शक्यता धरायची.

सुजेला एवढं वजन का? सूज उतरली तरी मागे घट्ट, चिवट जाळं राहतं. त्यात पित्ताशयाची नळी मुख्य पित्तनलिकेला चिकटते आणि भलतीच नळी कापली जाण्याचा धोका वाढतो. या ऑपरेशनमधली सर्वांत वाईट चूक हीच.

भिंतीच्या जाडीवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये. सोनोग्राफीआधी सहा-आठ तास उपाशी राहायला सांगतात, कारण खाल्ल्यावर पित्ताशय आकसतं आणि भिंत उगाच जाड दिसते. डेंग्यूत किंवा सिरोसिस या यकृताच्या आजारातही ती जाड होते, पित्ताशय मुळात ठीक असूनसुद्धा!

गुण जास्त असले तर अनुभवी सर्जन हाताशी ठेवतात, त्या दिवशीच्या यादीत जास्त वेळ राखतात आणि पोट उघडण्याची संमती आधीच घेतात. कमी गुणांच्या रुग्णातही आत सगळं चिकटलेलं सापडू शकतं. म्हणून पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटा करून, त्यात फक्त एक नळी आणि एक रक्तवाहिनी जाताना स्पष्ट दिसल्याशिवाय काहीही कापायचं नसतं. ते दिसतच नसेल, तर पित्ताशयाचा बहुतेक भाग काढून तोंडाकडचा तसाच ठेवतात. तिथून काही दिवस पित्त झिरपू शकतं, ते बाहेर यावं म्हणून पोटात ड्रेनची नळी ठेवतात.